सव्वासहा तास बोललेला संपादक

१ जानेवारी १८३५ रोजी हॅलिफॅक्स गावात ‘नोव्हास्कोशियन’ या साप्ताहिकाचा नववर्षाचा अंक वाटला गेला. आतल्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं. लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं नव्हतं, ‘जनता’ एवढीच सही केली होती. मजकूर मात्र मोघम नव्हता. गावचा कारभार पाहणारे मॅजिस्ट्रेट आणि त्यांचे पोलीस यांनी गेल्या ३० वर्षांत या ना त्या निमित्ताने लोकांच्या खिशातून ३० हजार पौंड काढले, असं त्यात थेट आकड्यासह म्हटलं होतं. मॅजिस्ट्रेट मंडळी खवळली. काही आठवड्यांतच संपादकावर फौजदारी बदनामीचा खटला उभा राहिला.

या संपादकाचं नाव जोसेफ हाऊ. वय ३०. कॉलेजचं तोंड त्याने पाहिलेलं नव्हतं आणि वकिलीशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढच्या ३८ वर्षांत तो विधानसभेचा सदस्य, तिचा अध्यक्ष, मंत्री, मुख्यमंत्री आणि शेवटी प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. गावचं वर्तमानपत्र चालवणारा माणूस प्रांताच्या राजकारणात कसा पोहोचतो, तिथे काय कमावतो आणि काय गमावतो, हे समजून घ्यायला हाऊच्या आयुष्याइतका भरगच्च दाखला क्वचितच सापडेल. त्यात मुंबईचाही एक धागा आहे, पण तो पुढे.

आज नोव्हा स्कोशिया हा कॅनडाचा एक प्रांत आहे. १८३५ मध्ये आजचा कॅनडा देश म्हणून अस्तित्वातच नव्हता. अटलांटिकच्या काठावर वेगवेगळ्या ब्रिटिश वसाहती होत्या आणि नोव्हा स्कोशिया त्यांपैकी एक होती. हॅलिफॅक्स ही तिची राजधानी. नाव राजधानीचं असलं तरी वस्ती जेमतेम १४ हजारांच्या आसपास. बंदर, गोदी, लष्कराची छावणी, मासळीचा व्यापार आणि एक सुबक दगडी विधानभवन, एवढा गावाचा पसारा.

हाऊचे वडील जॉन हाऊ मूळचे बॉस्टनचे मुद्रक. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्लंडच्या राजाशी एकनिष्ठ राहिले आणि त्यापायी गाव सोडून हॅलिफॅक्सला आले. तिथे त्यांनी वर्तमानपत्र काढलं, सरकारी मुद्रकाचं काम मिळवलं, पुढे वसाहतीच्या टपालखात्याचे प्रमुख झाले. ते सँडेमानियन या लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेही त्याच पंथाचा. जोसेफ १३ डिसेंबर १८०४ रोजी जन्मला. त्याची शाळा तुटक झाली, पण घरी बायबल आणि शेक्सपिअर वडिलांनी वाचून घेतलं. वयाच्या तेराव्या वर्षी तो छापखान्यात लागला. खिळे जुळवणं, शाई लावणं, टपालाच्या पिशव्या उचलणं, सगळी कामं त्याने केली. वर्तमानपत्राच्या धंद्यात वरून उतरलेले संपादक पुष्कळ असतात. हा खालून चढलेला होता.

१८२७च्या अखेरीस, तेविसाव्या वर्षी, त्याने ‘नोव्हास्कोशियन’ १,०५० पौंडांना विकत घेतलं. पुढच्याच फेब्रुवारीत कॅथरिन सुझन अ‍ॅन मॅकनॅबशी लग्न केलं. तो गावोगाव फिरायला गेला की मागे छापखान्याचं आणि हिशेबाचं बरंचसं ओझं सुझनवर पडायचं. त्याने तिला लिहिलेल्या पत्रांतून हे दिसतं, आणि चरित्रकारांनी तिला द्यावं तेवढं श्रेय अजून दिलेलं नाही असं वाटत राहतं.

फिरण्याचं कारण साधं होतं, वर्गणी. लहान गावच्या साप्ताहिकाचा जीव वर्गणीत अडकलेला असतो आणि वर्गणीदार अंक वाचतात पण पैसे थकवतात, हा अनुभव काही फक्त महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या पत्रांचा नव्हे. हाऊ घोड्यावरून, कधी टपालगाडीतून, वसाहतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत थकबाकी गोळा करत हिंडला. मुक्काम शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या घरी. रात्री चुलीपाशी गप्पा, गाणी, तक्रारी. या भटकंतीवर त्याने आपल्या पत्रात प्रवासलेखांच्या दोन माला लिहिल्या. पुढे तो मतं मागायला निघाला तेव्हा कुठल्या खाडीवर पूल नाही आणि कुणाचं पीक बुडालं, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

दुसरी शाळा विधानसभेची. अधिवेशन सुरू झालं की हाऊ स्वतः बातमीदाराच्या जागी बसून टिपणं घ्यायचा आणि चर्चांचे लांबलचक वृत्तांत छापायचा. तेव्हा वसाहतीतल्या बहुतेक लोकांना आपला प्रतिनिधी सभागृहात काय बोलतो हे कळायला दुसरा मार्गच नव्हता. या वृत्तांतांमुळे ‘नोव्हास्कोशियन’ वसाहतीतलं सर्वांत महत्त्वाचं पत्र बनलं. लिहिणाऱ्यालाही त्यांनी घडवलं. अर्थसंकल्प कसा मांडतात, कुठल्या कलमाखाली पैसा लपतो, कोण कुणाचा मेहुणा म्हणून गप्प बसतो, हे त्याला वर्षानुवर्षं ऐकून पाठ झालं. सुरुवातीला तो सरकारविरोधी नव्हताच. वडिलांसारखाच राजनिष्ठ आणि सौम्य. टीकेची धार आली ती हे वृत्तांत लिहिता लिहिता.

साहित्यातही त्याने जीव घातला. न्यायाधीश असलेला लेखक टॉमस चँडलर हॅलिबर्टन याने लिहिलेला नोव्हा स्कोशियाचा दोन खंडांचा इतिहास हाऊने १८२९ मध्ये छापला आणि त्यात तोटा सोसला. त्याच हॅलिबर्टनने निर्माण केलेला सॅम स्लिक हा बेरकी घड्याळविक्या १८३५ पासून ‘नोव्हास्कोशियन’च्या अंकांतून वाचकांसमोर आला आणि पुढे इंग्लंड-अमेरिकेत गाजला. लंडनच्या एका प्रकाशकाने त्या लेखांचं पुस्तक या दोघांना एक पैसाही न देता छापलं.

आता त्या खटल्याकडे. हॅलिफॅक्सला तेव्हा निवडून आलेली नगरपालिका नव्हती. कर बसवणं, तो वसूल करणं, खर्च करणं, तुरुंग, गरीबखाना, बाजार, रस्ते, सगळं गव्हर्नरने नेमलेल्या मॅजिस्ट्रेटांच्या हाती. त्यांना लोकांनी निवडलेलं नव्हतं, त्यामुळे काढताही येत नव्हतं. हिशेब वेळेवर कुणी मागत नव्हतं, मागितला तर मिळत नव्हता. १८३४चं साल गावाला फार वाईट गेलं होतं. व्यापार मंदावला होता, उन्हाळ्यात पटकीच्या साथीत शेकडो माणसं दगावली होती. अशा वेळी कराचा बोजा कुणावर किती आणि तो पैसा जातो कुठे, हा प्रश्न लोकांच्या तोंडी होता. हाऊने त्या प्रश्नाला छापील जागा दिली, एवढंच.

कायदा मात्र त्याच्या उलट बाजूला उभा होता. त्या काळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे फौजदारी बदनामीच्या खटल्यात ‘मी लिहिलं ते खरं आहे’ हा बचावच होऊ शकत नव्हता. मजकुरामुळे शांतताभंग होऊ शकतो की नाही, एवढाच मुद्दा. हा नियम इंग्लंडमध्ये बदलला तो १८४३ मध्ये. हाऊ वकिलांकडे गेला. त्यांनी कागद पाहिले आणि सांगितलं, खटला हरल्यात जमा आहे, माफी मागून मोकळे व्हा. हाऊने त्यांच्याकडून बदनामीच्या कायद्यावरची पुस्तकं उसनी घेतली, घरी येऊन ती वाचून काढली आणि स्वतःचा बचाव स्वतः करायचं ठरवलं. भाषणाचे पहिले दोन परिच्छेद तेवढे त्याने लिहून पाठ केले. बाकी सगळं न लिहिता.

२ मार्च १८३५. विधानभवनातल्याच एका दालनात न्यायालय भरलं होतं. न्यायासनावर सरन्यायाधीश ब्रेंटन हॅलिबर्टन, लेखक हॅलिबर्टनहून वेगळे. हे गृहस्थ गव्हर्नरच्या कौन्सिलचेही सदस्य होते. फिर्यादीच्या बाजूने अ‍ॅटर्नी जनरल आर्चिबाल्ड, आणि तेच विधानसभेचे अध्यक्ष. सत्तेचे तीन खांब वेगवेगळे असावेत हे तत्त्व त्या गावात कितपत रुजलं होतं, ते एवढ्यावरूनच दिसतं. समोर १२ जणांची ज्युरी, गावातल्याच माणसांची.

हाऊ सव्वासहा तास बोलला. आरोप खरे असल्याचे साक्षीपुरावे आणायला कायद्याने मनाई होती. पण आपला हेतू शुद्ध होता हे सांगण्याची मुभा होती. हाऊने हीच फट हेरली. आपण कुठल्या परिस्थितीत हे पत्र छापलं, ते ज्युरीला समजायला नको का? असं म्हणून त्याने ती परिस्थिती एकेक करून उलगडली. गरिबांकडून वसूल होणारा कर आणि धनवानांना मिळणारी सूट. वर्षानुवर्षं न लागलेले हिशेब. गरीबखान्याला पुरवला जाणारा माल आणि त्याचे भाव. तुरुंगातल्या कैद्यांच्या श्रमांवर आपलं घरकाम उरकून घेणारा अधिकारी. ज्युरीतल्या माणसांना यातलं बरंच काही ऐकून ठाऊक होतं. उघड न्यायालयात, एका धाग्यात, ते त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. शेवटी त्याने त्यांना आवाहन केलं की हा निकाल एका संपादकाचा नाही, तुमच्या मुलांना मिळणाऱ्या छापखान्याचा आहे.

दुसऱ्या दिवशी सरन्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं की माझ्या मते ही बदनामीच आहे, निर्णय तुमचा. ज्युरी आत गेली आणि १० मिनिटांत बाहेर आली. निर्दोष! लोकांनी हाऊला खांद्यावर घेऊन घरी पोहोचवलं, गावात वाद्यं वाजली. अनेक मॅजिस्ट्रेटांनी राजीनामे दिले. त्याच वर्षी डिसेंबरात म्हातारे जॉन हाऊ वारले. मुलाची ही लढाई त्यांनी पाहिली होती.

मराठी वाचकाला इथे आपले खटले आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८२ मध्ये कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात टिळक आणि आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. आपल्या दंडसंहितेत तोवर ‘सार्वजनिक हितासाठी केलेलं सत्यकथन’ हा अपवाद आलेला होता, म्हणजे हाऊला न मिळालेली ढाल त्यांना कागदावर तरी उपलब्ध होती. पण ज्या पत्रांच्या भरवशावर मजकूर छापला, ती बनावट निघाली. १९०८च्या राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांनीही हाऊसारखाच स्वतः बचाव केला आणि अनेक दिवस मिळून २१ तास १० मिनिटं बोलले. फरक ज्युरीत होता. टिळकांसमोरच्या नऊ जणांत सात युरोपियन आणि दोन पारशी होते, निकाल ७ विरुद्ध २ असा लागला आणि त्यांना मंडालेला जावं लागलं. हाऊसमोर बसले होते त्याच गावचे करदाते, बहुधा त्याच्याच पत्राचे वाचक. वक्तृत्वाचं कौतुक करताना ही गोष्ट विसरता कामा नये.

खटला जिंकून हाऊ छापखान्यात परतला असता तर तो एक धीट संपादक म्हणून उरला असता. डिसेंबर १८३६ मध्ये तो हॅलिफॅक्स परगण्यातून विधानसभेवर निवडून आला, आणि पुढल्या फेब्रुवारीत त्याने बारा ठरावांची मालिका मांडली. रोख गव्हर्नरच्या कौन्सिलवर होता. या नेमलेल्या मंडळाकडे दोन्ही कामं होती. ते मंत्रिमंडळही होतं आणि विधिमंडळाचं वरचं सभागृहही. बैठका बंद दाराआड. सदस्यांपैकी पाच जण एकाच बँकेत भागीदार. या मंडळाला निवडून आलेल्या सभागृहाचं काहीही फेटाळता येत होतं आणि त्याबद्दल कुणालाही उत्तर द्यावं लागत नव्हतं.

कौन्सिलने डोळे वटारले. हे ठराव राहिले तर तुमची पैशाची विधेयकं आमच्याकडे अडतील, असा तो इशारा होता. हाऊने ठराव मागे घेतले. विरोधकांना वाटलं, माणूस वाकला. मग महसुलाची विधेयकं पार पडल्यावर त्याने तोच मजकूर राजाकडे पाठवायच्या अर्जात घालून सभागृहाकडून मंजूर करून घेतला. लंडनने कौन्सिलचे दोन तुकडे केले, कार्यकारी वेगळं आणि विधायक वेगळं. वर्षानुवर्षं वृत्तांत लिहून सभागृहाच्या कामकाजाचे बारकावे ज्याला पाठ आहेत, त्यालाच हा डाव सुचतो.

त्याच १८३७ मध्ये शेजारच्या कॅनडा वसाहतींमध्ये बंड पेटलं. अप्पर कॅनडातल्या बंडाचा पुढारी विल्यम लायन मॅकेन्झी हाही एका पत्राचा संपादक, टोरोंटोचा पहिला महापौर. बंड फसलं, त्याला अमेरिकेत पळून जावं लागलं. हाऊने शस्त्राचा मार्ग ठामपणे नाकारला आणि १८३९ मध्ये ब्रिटिश मंत्री लॉर्ड जॉन रसेल यांना चार जाहीर पत्रं लिहिली. मागणी एका वाक्यात सांगता येईल: इंग्लंडमध्ये जसं मंत्रिमंडळ संसदेचा विश्वास गमावल्यावर जातं, तसं इथेही गेलं पाहिजे. यालाच पुढे जबाबदार राज्यपद्धती म्हणू लागले. ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू यांनी भारताबद्दल केलेल्या घोषणेत हेच शब्द आहेत, आणि १९१९च्या सुधारणांवरचा आपल्याकडचा सगळा वाद त्यांच्याच भोवती फिरला.

१८४०च्या मार्चमध्ये तर गोष्ट पिस्तुलांपर्यंत गेली. सरन्यायाधीश हॅलिबर्टन यांच्यावर हाऊने केलेल्या टीकेवरून त्यांच्या मुलाने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं. मुलाची गोळी चुकली. हाऊने आपलं पिस्तूल आकाशात झाडलं. त्यानंतरचं आव्हान त्याने सरळ नाकारलं. त्याला आता कुणी भित्रा म्हणू शकत नव्हतं.

त्याच वर्षी लॉर्ड फॉकलंड हा नवा लेफ्टनंट गव्हर्नर आला. हाऊ त्याच्या कार्यकारी मंडळात सामील झाला. पुढल्या वर्षी विधानसभेचा अध्यक्ष झाला, त्याच आर्चिबाल्डच्या जागी, ज्याने सहा वर्षांपूर्वी त्याच्यावर खटला चालवला होता. १८४१च्या अखेरीस त्याने ‘नोव्हास्कोशियन’ विकून टाकलं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करू नयेत, असा त्यामागचा विचार असावा, आणि तो योग्यच होता. पण सत्तेत बसलेल्या हाऊची वर्षं फिकी गेली. विरोधी पक्षाच्या मंत्र्यांबरोबर एकाच मंडळात बसायचं, तडजोडी करायच्या, बाहेर त्या समजावून सांगायच्या. १८४३ मध्ये तो बाहेर पडला आणि १८४४ मध्ये पुन्हा संपादकाच्या खुर्चीत बसला. या वेळी ‘नोव्हास्कोशियन’बरोबर ‘मॉर्निंग क्रॉनिकल’ हे पत्रही त्याच्याकडे होतं.

मग फॉकलंडची धडगत नव्हती. लेख, विडंबनं, पद्यं, आठवड्यामागून आठवडा. काही मजकूर इतका बोचरा की हाऊचे मित्रही अवघडले. त्यातला काही भाग आज वाचताना व्यक्तिगत आणि ओंगळही वाटतो, हे मान्य केलं पाहिजे. फॉकलंड १८४६ मध्ये वसाहत सोडून गेला.

तो गेला कुठे? १८४८ मध्ये तो मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होऊन आपल्याकडे आला. मुंबईत ज्या रस्त्याला कित्येक पिढ्या फॉकलंड रोड म्हणत आल्या आणि आज जो पठ्ठे बापूराव मार्ग आहे, तो याच गृहस्थाच्या नावाचा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली तेव्हा गव्हर्नर तोच होता. त्याची पत्नी लेडी फॉकलंड हिने इथल्या वास्तव्यावर लिहिलेलं ‘चाऊ-चाऊ’ हे पुस्तक अभ्यासकांना आजही उपयोगी पडतं. आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं तेही त्याच्याच काळात. एप्रिल १८४८ मध्ये छत्रपती शहाजी तथा आप्पासाहेब महाराज वारले. आधीचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचं मत दत्तक मान्य करावा असं होतं. नव्या गव्हर्नरने राज्य खालसा करू पाहणाऱ्या गव्हर्नर जनरल डलहौसीच्या बाजूने कौल दिला.

तारखा शेजारी ठेवल्या की मन अस्वस्थ होतं. २ फेब्रुवारी १८४८ रोजी नोव्हा स्कोशियात, आदल्या वर्षीची निवडणूक जिंकलेल्या हाऊच्या पक्षाचं मंत्रिमंडळ सत्तेवर आलं. समुद्रापलीकडच्या ब्रिटिश वसाहतींमधलं हे पहिलं जबाबदार सरकार. एक गोळी न झाडता हे मिळवलं याचा हाऊला जन्मभर अभिमान होता. आणि जो अधिकारी तिथे एका छापखानेवाल्यापुढे टिकला नाही, तो त्याच वर्षी इथे येऊन शिवछत्रपतींच्या वंशाच्या गादीचा निकाल लावायला मोकळा झाला. ब्रिटिश प्रजाजनांचे हक्क असं हाऊ म्हणायचा तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर ब्रिटिश रक्ताचेच प्रजाजन होते. मिकमॅक या तिथल्या मूळ रहिवाशांसाठी नेमलेला कमिशनर म्हणून त्याने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला काम केलं, त्यांच्या वस्त्यांवर जाऊन प्रामाणिक अहवाल लिहिला, पण त्यांना मतदार म्हणून त्याने पाहिलं नाही. त्यांनी शेतकरी व्हावं, एवढीच त्याची झेप.

नव्या सरकारचा प्रमुख जेम्स बॉइल युनियाक होता. हाऊ प्रांतिक सचिव झाला. आता त्याचं मन आगगाडीत गुंतलं. १८५४ मध्ये मंत्रिपद सोडून तो रेल्वे कमिशनचा प्रमुख बनला आणि १८५८ पर्यंत हॅलिफॅक्सहून विंडसर आणि ट्रुरोपर्यंत सरकारी खर्चाने रूळ पोहोचले. या कामाबद्दल त्याला कायम श्रेय दिलं पाहिजे. बाकी दशक मात्र उतरणीचं. १८५५ मध्ये चार्ल्स टपर नावाच्या तरुण डॉक्टरने त्याला मतदारसंघात हरवलं. आयरिश कॅथलिकांशी हाऊने वाद ओढवून घेतला, त्याची भाषा सुटली, कॅथलिक सदस्य पक्षातून फुटले आणि १८५७ मध्ये सरकार पडलं. ज्याने गावोगाव चुलीपाशी बसून माणसं जोडली, त्याने धर्माच्या वादात ती तोडली. १८६० ते १८६३ तो मुख्यमंत्री होता. पण त्या काळात लोकांच्या लक्षात राहील असं फारसं काही घडलं नाही. सर्वांसाठी मोफत शाळा हवी, त्यासाठी कर बसवायला कचरू नका, हे हाऊ १८४१ पासून सांगत होता. तो कायदा प्रत्यक्षात आणला टपरने, १८६४ मध्ये.

साठीत त्याच्या वाट्याला शेवटची मोठी लढाई आली. टपर आणि जॉन मॅकडोनाल्ड वसाहती एकत्र करून कॅनडा नावाचा देश उभारत होते. नोव्हा स्कोशियाच्या मतदारांना न विचारता हे चाललं होतं. हाऊ पुन्हा लेखणीकडे वळला. १८६५च्या सुरुवातीला ‘मॉर्निंग क्रॉनिकल’मध्ये त्याने या योजनेवर नाव न देता पत्रांची मालिका लिहिली. पत्राचा मालक विल्यम अ‍ॅनंड हा त्याचा १८३६ पासूनचा सहकारी. आधीचा संपादक योजनेच्या बाजूचा होता म्हणून अ‍ॅनंडने त्याला काढलं होतं. योजना झालीच, पण सप्टेंबर १८६७च्या निवडणुकीत नोव्हा स्कोशियाने उत्तर दिलं. केंद्रातल्या १९ पैकी १८ जागा आणि प्रांतातल्या ३८ पैकी ३६ जागा विलीनीकरणाच्या विरोधकांना. केंद्रात एकटा टपर कसाबसा वाचला.

इतका स्पष्ट कौल घेऊन हाऊ लंडनला गेला आणि रिकाम्या हातांनी परत आला. ब्रिटिश सरकारला नवा देश हवा होता, तो मोडायची त्याची तयारी नव्हती. आता पुढे काय? सहकाऱ्यांपैकी काही जण अमेरिकेत सामील होण्याची भाषा बोलू लागले होते. राजनिष्ठ बापाच्या या मुलाला ते मान्य होणं शक्य नव्हतं. त्याने नव्या देशाचा पंतप्रधान झालेल्या मॅकडोनाल्डशी बोलणी केली, प्रांतासाठी वाढीव अनुदान मिळवलं, वर्षाला सुमारे ८२ हजार डॉलर, १० वर्षांसाठी, शिवाय कर्जाचा मोठा वाटा केंद्राने उचलायचा. आणि जानेवारी १८६९ मध्ये तो मॅकडोनाल्डच्याच मंत्रिमंडळात गेला.

गद्दार, असं त्याला लोक तोंडावर म्हणाले. मंत्री झाल्यामुळे पोटनिवडणूक लढवावी लागली, ती ऐन हिवाळ्यात. अ‍ॅनंड त्याच्या विरुद्ध प्रचाराला उतरला. ज्या ‘क्रॉनिकल’च्या स्तंभांतून हाऊने गव्हर्नरांना घाम फोडला होता, त्याच स्तंभांतून आता हाऊवर कोरडे ओढले जात होते. तो निवडून आला, पण थंडीवाऱ्यातल्या त्या सभांनी प्रकृती ढासळली ती कायमची. मे १८७३ मध्ये त्याला नोव्हा स्कोशियाचा लेफ्टनंट गव्हर्नर नेमण्यात आलं. जेमतेम तीन आठवड्यांनी, १ जून १८७३ रोजी, तो गव्हर्नरच्या बंगल्यात वारला.

संपादकाने राजकारणात जावं का, हा वाद आपल्याकडेही जुना आहे. ‘केसरी’चे न. चिं. केळकर पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, मध्यवर्ती कायदेमंडळात बसले. ‘मराठा’ काढल्यावर वर्षभरात आचार्य अत्रे १९५७ मध्ये विधानसभेत पोहोचले. जिल्ह्याजिल्ह्यात अशी आणखी नावं निघतील. हाऊचं आयुष्य या वादाला एकच उत्तर देत नाही, पण हिशेब मात्र मांडून दाखवतं. त्याने मिळवलेल्या टिकाऊ गोष्टी कोणत्या? मॅजिस्ट्रेटांची सद्दी मोडली. १८४१ मध्ये हॅलिफॅक्सला निवडून आलेली नगरपालिका मिळाली. सभागृहाला जबाबदार मंत्रिमंडळ आलं. या तिन्हींचा पाया छापखान्यात आणि विरोधी बाकावर घातला गेला, मंत्र्याच्या दालनात नव्हे. खुर्चीतल्या हाऊने रेल्वे दिली, ती मोठी गोष्ट खरी. बाकी जे काम खुर्चीत बसून त्याच्याकडून झालं, ते दुसऱ्या कुणाकडूनही झालं असतं.

आणि १८६९चा निर्णय? तो विश्वासघात होता असं मानणारे अभ्यासक अजूनही आहेत. लंडनने दार बंद केल्यावर त्याच्यापुढे दोनच रस्ते उरले होते, रागाने धुमसत बसणं किंवा प्रांतासाठी मिळेल ते पदरात पाडून घेणं. त्याने दुसरा निवडला आणि तो बरोबर होता. चूक झाली ती मंत्रिपद स्वीकारण्यात. अनुदान मिळवून तो घरी बसला असता, तर त्याला गद्दार म्हणायची कुणाची छाती झाली नसती.

हॅलिफॅक्सच्या विधानभवनाच्या आवारात १९०४ पासून त्याचा पुतळा उभा आहे. २०१५ मध्ये नोव्हा स्कोशियाने फेब्रुवारीतली नवी सार्वजनिक सुट्टी सुरू केली, आणि २०१६ मध्ये ती त्याच्या नावे दिली. ज्या दालनात तो सव्वासहा तास बोलला, तिथे आता विधिमंडळाचं ग्रंथालय आहे.